कोड सांगता येणे

पुढच्या तीन ओळी सावकाश वाचा.

त = अ
अ = ब
ब = त

सोयीसाठी या प्रकरणात कोड देवनागरीत छापला आहे. संगणकावर तो रोमन लिपीत टाइप करायचा. सी, जावा, पायथन यांपैकी कोणतीही भाषा घेतली तरी या तीन ओळी जवळपास अशाच दिसतील. पहिल्या सेमिस्टरच्या मुलामुलींना विचारले, की या ओळी काय करतात, तर बहुतेकांचे उत्तर असे येते: “अ ची किंमत त मध्ये जाते. मग ब ची किंमत अ मध्ये जाते. मग त ची किंमत ब मध्ये जाते.” यातला शब्दन् शब्द खरा आहे. पण एखादीच विद्यार्थिनी म्हणते, “अ आणि ब यांच्या किमतींची अदलाबदल होते.” तिने एकही ओळ वाचून दाखवलेली नाही, आणि तरी तिन्ही ओळी तिच्या त्या वाक्यात आल्या आहेत.

पहिल्या उत्तरापासून दुसऱ्या उत्तरापर्यंतचा प्रवास हा प्रोग्रॅमिंग शिकण्यातला सर्वांत अवघड आणि सर्वांत दुर्लक्षित टप्पा आहे, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडे तो अभ्यासक्रमात कुठे लिहिलेला नसतो. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये अल्गोरिदम, फ्लोचार्ट, प्रोग्रॅम आणि आउटपुट असे कप्पे असतात. ‘हा प्रोग्रॅम तुमच्या शब्दांत सांगा’ असा कप्पा नसतो. व्हायवाला सेमीकोलन का द्यायचा हे विचारतात, लूप किती वेळा फिरेल हे विचारतात, पण समोरच्या दहा ओळी एका वाक्यात सांग, असे क्वचितच कोणी म्हणते. मुले कोड पाठ करतात ती आळशी असतात म्हणून नव्हे. कोड समजला म्हणजे नेमके काय झाले, हे त्यांना कोणी दाखवलेलेच नसते.

हा प्रश्न एकट्या आपला नाही. २००१ मध्ये मायकेल मॅक्क्रॅकन यांच्या पुढाकाराने चार विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांची एक परीक्षा घेतली गेली. प्रोग्रॅमिंगचा पहिला अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या या मुलांना एक साधा कॅल्क्युलेटर प्रोग्रॅम लिहायचा होता. ११० पैकी सरासरी गुण २३ च्याही खाली गेले. त्या निकालाने जगभरचे शिक्षक हादरले. सुरुवातीचा निष्कर्ष असा निघाला, की मुलांना समस्या सोडवणे जमत नाही. मोठ्या प्रश्नाचे लहान तुकडे करून पुन्हा जोडणे त्यांना येत नाही. ऑस्ट्रेलियातले रेमंड लिस्टर यांना मात्र शंका आली, की अडचण त्याच्याही आधीची असेल. २००४ मध्ये सात देशांतल्या विद्यार्थ्यांना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कोड लिहायला सांगितलेच नाही. छोटे तयार कोड देऊन विचारले, की हा चालवल्यावर शेवटी कोणत्या व्हेरिएबलमध्ये काय असेल, किंवा गाळलेल्या जागी दिलेल्या पर्यायांतली कोणती ओळ बसेल. पुष्कळ मुले तिथेच अडखळली. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याकडून आपण लेखनाची अपेक्षा करत होतो, हे त्या अभ्यासातून पुढे आले.

मग २००६ चा तो अभ्यास, ज्याच्यावर या प्रकरणाचा पाया उभा आहे. लिस्टर, न्यूझीलंडच्या जॅकलिन व्हॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परीक्षेत एक कोड दिला आणि सांगितले, हा काय करतो ते साध्या भाषेत लिहा. तो कोड साधारण असा होता (न म्हणजे यादीत एकूण किती संख्या आहेत ते):

बरोबर = ट्रू
फॉर आय = ० पासून न-२ पर्यंत
    इफ संख्या[आय] > संख्या[आय+१]
        बरोबर = फॉल्स

अनेक मुलांनी लिहिले, की हा लूप प्रत्येक संख्येची पुढच्या संख्येशी तुलना करतो आणि आधीची मोठी असेल तर ‘बरोबर’ हे व्हेरिएबल फॉल्स करतो. हाच प्रश्न शिक्षकांना घातला तेव्हा त्यांच्यापैकी बहुतेकांचे उत्तर लहान होते: यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे की नाही, हे हा कोड तपासतो.

या दोन उत्तरांतला फरक मोजायला संशोधकांनी शिक्षणशास्त्रातली एक जुनी फूटपट्टी वापरली. जॉन बिग्ज आणि केव्हिन कॉलिस यांनी १९८२ मध्ये विद्यार्थ्यांच्या उत्तरांच्या पायऱ्या मांडल्या होत्या. ती मांडणी सोलो या नावाने ओळखली जाते. सर्वांत खाली विषयच न कळलेले उत्तर. त्याच्या वर एखादाच धागा पकडलेले. त्याच्या वर सगळे धागे वेगवेगळे सांगणारे, पण त्यांची वीण न दिसलेले. आणि त्याच्या वर ते धागे एकमेकांशी का जोडले आहेत हे दिसलेले. ओळीमागून ओळ सांगणारा मुलगा तिसऱ्या पायरीवर आहे, ‘क्रम तपासतो’ म्हणणारी मुलगी चौथ्या. तिसऱ्या पायरीवरच्या मुलाला मी कमी लेखत नाही. तिथे पोहोचायलाही त्याने कष्ट घेतलेले असतात. पण आपण त्याला ‘शाब्बास, बरोबर’ म्हणून तिथेच सोडतो. तिथून वर कसे जायचे हे त्याला कोणी सांगत नाही.

त्यानंतरची काही वर्षे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये या विषयावर सातत्याने काम झाले. परीक्षांमागून परीक्षांमध्ये एकच चित्र दिसत गेले: कोडचा माग काढता न येणाऱ्यांना तो सहसा समजावून सांगता येत नाही, आणि समजावून सांगता न येणाऱ्यांना तशाच प्रकारचा कोड सहसा लिहिता येत नाही. तिन्ही कौशल्ये हातात हात घालून चालतात, एवढे नक्की. समजावून सांगायला शिकवले म्हणून लिहिता येऊ लागते का, हा पुढचा प्रश्न, आणि परीक्षेच्या गुणांची नुसती बेरीज-वजाबाकी करून त्याचे उत्तर मिळत नाही. शिक्षक म्हणून मला तरी वाटते, की निदान कोठे अडले आहे हे कळायला याहून स्वस्त आणि चांगली चाचणी नाही. एक वाक्य मागायचे. वाक्यातच कळते.

वाक्याच्या आधी

पण वाक्य मागण्याआधी पायाखालची जमीन तपासावी लागते. बेनेडिक्ट ड्यू बुले यांनी १९८० च्या दशकात दाखवले, की नवशिक्याच्या मनात संगणकाचे एक चित्र तयार होत असते आणि तो कोड त्या चित्रावर चालवून बघत असतो. ते चित्र चुकले की प्रत्येक ओळ चुकते. ‘अ = अ + १’ ही ओळ पहिल्यांदा पाहिली की गणितात हुशार असलेली मुले थबकतात. त्यांच्या दृष्टीने हे समीकरण अशक्य आहे. कोणतीही संख्या स्वतःहून एकाने मोठी कशी असेल? त्यांना सांगावे लागते, की इथे बरोबरीची खूण दोन बाजू समान असल्याचे जाहीर करत नाही. उजवीकडे जे आहे त्याचा हिशोब आधी करा, मग आलेले उत्तर डावीकडच्या नावाखाली ठेवा, आणि तिथे आधी असलेले विसरा, अशी ती आज्ञा आहे.

‘विसरा’ हा भाग फार महत्त्वाचा. आपण सगळेच व्हेरिएबल म्हणजे डबा असे शिकवतो. डब्यात ५ टाकले, नंतर ९ टाकले, तर डब्यात काय असेल? मूल म्हणते, ५ आणि ९. डब्याच्या बाबतीत ते बरोबरच बोलते. नेदरलँड्सच्या फेलिएन हर्मन्स आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये डबा आणि लेबल या दोन उपमांची तुलना केली. साध्या प्रश्नांत डब्यावाले पुढे होते. पण एका व्हेरिएबलमध्ये एकाच वेळी दोन किमती राहतात, हा गैरसमज त्यांच्यातच जास्त आढळला. म्हणून डबा वापरायचाच नाही, असे मी म्हणणार नाही. उपमा जिथे संपते ती जागा मुलांना बोट ठेवून दाखवावी, एवढेच.

याहून खोल एक गैरसमज आहे. अमेरिकन संशोधक रॉय पी यांनी १९८६ मध्ये नवशिक्यांच्या चुकांच्या मुळाशी एक समजूत असल्याचे सांगितले: संगणकाच्या आत कुठेतरी एक समजूतदार मन आहे आणि मला काय म्हणायचे आहे ते त्याला कळते. नवशिक्याने कधी उघडपणे असे म्हटले नाही तरी त्याच्या कोडमध्ये ही समजूत दिसते. अदलाबदल करायला मुले नेमके हे लिहितात:

अ = ब
ब = अ

आणि विचारले तर आत्मविश्वासाने सांगतात, अदलाबदल होते. इथे वाक्य चौथ्या पायरीचे आहे आणि कोड त्या वाक्याला पात्र नाही. मुलाने कोडचा अर्थ सांगितलेला नसून आपली इच्छा सांगितलेली आहे. म्हणून साध्या भाषेतल्या स्पष्टीकरणाला सोबत लागते ती ड्राय रनची. आपल्या वर्गांतला हा शब्द मला फार आवडतो, कारण तो संगणक बंद ठेवून करायचा असतो. वहीवर अ आणि ब असे दोन रकाने आखा. अ खाली ५, ब खाली ९ लिहा. पहिली ओळ चालवा: अ खालचे ५ खोडा, ९ लिहा. दुसरी ओळ चालवा: ब मध्ये अ ची किंमत, म्हणजे ९. आता दोन्हीकडे ९ आहे आणि ५ कुठेच उरलेले नाही. ५ खोडताना मुलाचा हात थांबतो. ‘हे आधी कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं,’ असे ते आपणहून म्हणते, आणि तिसरे व्हेरिएबल कशासाठी असते हे त्याला कायमचे कळते. शिक्षकाने फळ्यावर दहादा सांगून जे होत नाही, ते त्या खोडण्याने होते.

खोडणे महत्त्वाचे आहे. पुसून टाकू देऊ नका; काट मारून नवी किंमत शेजारी लिहायला सांगा, म्हणजे कोणत्या क्षणी काय होते याचा माग वहीत राहतो.

मात्र ड्राय रन हा शेवट समजला तर घोटाळा होतो. रकाने अचूक भरून मूल थांबते आणि पुन्हा तिसऱ्या पायरीवर अडकते. रकाने भरून झाले, की वही उलटी ठेवायची आणि विचारायचे: आता कोडकडे न बघता सांग, सुरुवातीला काय होते आणि शेवटी काय झाले? मधले सांगू नकोस. ‘मधले सांगू नकोस’ या तीन शब्दांनी मुले ओळींवरून उठून पूर्ण कोडकडे बघू लागतात. उदाहरणातल्या संख्या बदलून दुसरा ड्राय रन केला की हे आणखी सोपे जाते, कारण दोन्ही वेळा जे तसेच राहिले, तेच सांगायचे असते.

रोजची बोली आणि कोडची बोली

साध्या भाषेत सांगा म्हटले की एक धोका ओघानेच येतो. रोजची भाषा सैल असते आणि ती सैल असते म्हणूनच आपल्याला तिच्यात जगता येते. एसटीचे उदाहरण घेऊ. समजा एक फलक आहे: ‘१२ वर्षांखालील आणि ६५ वर्षांवरील प्रवाशांना सवलत’. कोणालाही शंका येत नाही. आता मुलगी कोड लिहिते:

इफ वय < १२ अँड वय > ६५
    सवलत = ट्रू

हा कोड कोणालाच सवलत देत नाही, कारण एकाच माणसाचे वय बाराच्या खाली आणि पासष्टच्या वर असू शकत नाही. फलकावरचा ‘आणि’ दोन गटांना जोडतो, कोडमधला ‘अँड’ एकाच प्रवाशाला दोन अटी लावतो. इथे ‘ऑर’ हवे होते. मुलीचे मराठी पक्के होते म्हणूनच ती चुकली. अशा चुकीला मी हुशारीची चूक म्हणतो. जेफरी बोनर आणि एलियट सोलोवे यांनी १९८० च्या दशकातच नोंदवले होते, की नवशिक्यांचे पुष्कळ गैरसमज प्रोग्रॅमिंगपूर्वीच्या ज्ञानातून, म्हणजे रोजच्या भाषेतून आणि रोजच्या कामांतून येतात.

एसटीचेच पुढचे उदाहरण. महाराष्ट्रात ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे पडते, आणि २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना प्रवास मोफत आहे. एका मुलाने हे असे लिहिले असे समजा:

इफ वय >= ६५
    भाडे = भाडे / २
एल्स इफ वय >= ७५
    भाडे = ०

त्याला विचारा, हा कोड काय करतो? तो म्हणेल, पासष्टच्या पुढच्यांना निम्मे आणि पंचाहत्तरच्या पुढच्यांना मोफत. ओळी वाचून दाखवल्या तरी सगळे ठीकच वाटते. पण ८० वर्षांचे आजोबा आले की पहिलीच अट खरी ठरते, निम्मे भाडे लागते, आणि ‘एल्स’ म्हणजे ‘नाहीतर’ असल्यामुळे खालच्या अटीपर्यंत कोणी पोहोचतच नाही. मोफत प्रवासाची ओळ कोडमध्ये आहे आणि ती कधीही चालणार नाही. इथे विद्यार्थ्याकडे नियम मागू नये, माणूस मागावा. ‘या कोडमधून ज्याला मोफत प्रवास मिळेल असा एक प्रवासी मला दाखव.’ तो ७६ म्हणेल, ८१ म्हणेल, ९० म्हणेल, प्रत्येकाला रांगेतून पहिल्या अटीपाशी आणेल, आणि दोन-तीन प्रवाशांतच त्याच्या लक्षात येईल, की ७५ ची अट वर हवी.

स्पष्टीकरण आणि ड्राय रन यांनी एकमेकांवर अशी नजर ठेवली पाहिजे. नुसते स्पष्टीकरण इच्छेकडे घसरते, नुसता ड्राय रन ओळींत बुडतो.

कोणी बोलायचे

समजावून सांगणे हे शिक्षकाचे काम, अशी आपली जुनी धारणा आहे, आणि चांगले समजावून सांगणाऱ्यांचे ऋण मी मानतो. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकाने देशभरच्या विद्यार्थ्यांना सी भाषा शिकवली, ती त्यातल्या गप्पा मारल्यासारख्या सोप्या निवेदनामुळे. आयआयटी मुंबईचे अभिराम रानडे यांनी आपल्या सी प्लस प्लसच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात पडद्यावर कासव फिरवले, आणि मुद्दाम ‘रिपीट’ नावाची एक सोपी आज्ञा त्या भाषेत घालून घेतली:

रिपीट(४)
    फॉरवर्ड(१००)
    राइट(९०)

शंभर पावले पुढे, नव्वद अंश उजवीकडे, असे चार वेळा. इथे ओळ सांगणारे उत्तर आणि अर्थ सांगणारे उत्तर यांतले अंतर डोळ्यांना दिसते, कारण पडद्यावर चौरस उमटतो. ‘चौरस काढतो’ हे वाक्य पहिल्याच तासाला मुलाच्या तोंडून निघते. मग ४ च्या जागी ६ आणि ९० च्या जागी ६० टाकले तर, असे विचारले की ते षटकोन म्हणते, आणि थोड्या वेळाने कोणीतरी ३६० भागिले बाजू हे सूत्र शोधून काढते. हे कासव १९६० च्या दशकाच्या अखेरीस सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या लोगो भाषेच्या परंपरेतले. नवशिक्याला अर्थ दिसावा यासाठी यापेक्षा चांगली युक्ती मला अजून सापडलेली नाही.

तरीही, जो बोलतो तो शिकतो. मिशेलिन ची यांनी १९८९ मध्ये भौतिकशास्त्राची सोडवलेली उदाहरणे वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना मोठ्याने विचार करायला लावले. पुढे जे चांगले ठरले ते वाचताना थांबत होते, ही पायरी का आली हे स्वतःला सांगत होते, आणि आपल्याला कळले नाही हेही त्यांनाच अधिक वेळा कळत होते. नंतरच्या अभ्यासात असेही दिसले, की असे स्वतःला सांगायला नुसते प्रवृत्त केले तरी समज वाढते. इंग्लंडमध्ये स्यू सेंटन्स यांनी शाळांसाठी एक पद्धत रूढ केली, तिचा क्रम याच दिशेचा आहे. आधी तयार कोड वाचून काय होईल त्याचा अंदाज सांगायचा, मग चालवून बघायचा, मग त्याची चिरफाड करायची, मग थोडा बदलायचा, आणि स्वतःचा कोड लिहायचा तो सर्वांत शेवटी. आपल्याकडे पहिल्याच प्रॅक्टिकलला कोरा पडदा समोर येतो आणि मुले फळ्यावरचे उतरवून घेतात.

मोठा कोड आला की एका वाक्याचा आग्रह सोडावा. चाळीस ओळी असतील तर त्यांना चार-पाच भागांत तोडायला सांगावे आणि प्रत्येक भागाला मथळा द्यायला सांगावा: ‘गुण वाचून घे’, ‘नापास वेगळे काढ’, ‘सरासरी काढ’. अमेरिकेत लॉरेन मार्ग्युलिओ, मार्क गझडियल आणि रिचर्ड कॅट्रांबोन यांनी सोडवलेल्या उदाहरणांतल्या पायऱ्यांना असे हेतू सांगणारे मथळे देऊन पाहिले, तेव्हा शिकणाऱ्यांना नवे प्रश्न अधिक चांगले सोडवता आले. कोडमधल्या कॉमेंटलाही हीच कसोटी लावावी. ‘आय मध्ये १ मिळवला’ ही कॉमेंट ओळीचीच पुनरुक्ती आहे. ‘शेवटचा विद्यार्थी सोडला, कारण त्याच्या पुढे तुलनेला कोणी नाही’ ही कॉमेंट वाचणाऱ्याचे काम हलके करते.

आता भाषेबद्दल. मराठी माध्यमातून आलेली मुले डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला पोहोचतात तेव्हा त्यांच्यासमोर दोन अपरिचित भाषा एकदम उभ्या राहतात, एक सी किंवा पायथन आणि दुसरी ते समजावणारी इंग्रजी. इंग्रजीतले स्पष्टीकरण ती पाठ करतात आणि परीक्षेत उतरवतात. त्यामुळे समज तपासण्याचे जे एकमेव साधन होते तेच निकामी होते. अशा मुलाला सांगावे, मराठीत सांग. लूप, अ‍ॅरे, फंक्शन, इंडेक्स हे शब्द आहेत तसेच राहू देत; त्यांच्यासाठी जड प्रतिशब्द शोधण्यात त्याची शक्ती घालवू नये. ‘हा लूप अ‍ॅरेतल्या प्रत्येकाला शेजाऱ्याशी ताडून बघतो, कोणी रांग मोडली आहे का ते शोधतो’ हे अस्सल मराठी वाक्य आहे आणि अस्सल समजेचाही पुरावा आहे. आयआयटी मुंबईत कण्णन मौद्गल्य यांनी उभ्या केलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या ध्वनिचित्रफिती मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकायला मिळतात. ऐकायला मिळणे हा पहिला अर्धा भाग. त्याच भाषेत बोलायला मिळणे हा दुसरा, आणि त्याला वर्गातला वेळ लागतो.

यंत्राने समजावले तर

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि कोडचे स्पष्टीकरण मागाल तेव्हा मिळू लागले, हवे तर मराठीत. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेली स्पष्टीकरणे आणि चॅटजीपीटीसारख्या भाषा-मॉडेलने लिहिलेली स्पष्टीकरणे यांची तुलना झाली, तेव्हा विद्यार्थ्यांनीच मॉडेलची स्पष्टीकरणे समजायला सोपी आणि अधिक अचूक असल्याचा कौल दिला. रात्री दोन वाजता वसतिगृहात अडलेल्या मुलाला हा मोठा आधार आहे, आणि तो मी नाकारणार नाही. पण वर ची यांच्या अभ्यासात जे दिसले ते इथे विसरता येत नाही. यंत्राचे सुबक वाक्य वाचून मिळते ती ओळख. तेच वाक्य स्वतः घडवताना जी ओढाताण होते, तिच्यातून समज येते.

म्हणून मला उलट्या दिशेचा वापर अधिक मोलाचा वाटतो. ऑकलंडचे पॉल डेनी आणि अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातले डेव्हिड स्मिथ व क्रेग झिल्स यांनी तो रूढ केला. विद्यार्थ्याला कोड दाखवायचा. त्याने साध्या भाषेत स्पष्टीकरण लिहायचे. ते स्पष्टीकरण, मूळ कोड न दाखवता, मॉडेलला द्यायचे आणि त्यावरून नवा कोड लिहून घ्यायचा. मूळ कोड आणि नवा कोड सारख्याच इनपुटांवर चालवायचे. दोघांची उत्तरे जुळली तर स्पष्टीकरण बरोबर. जिथे जुळली नाहीत तिथे विद्यार्थ्याच्या वाक्यात काय राहून गेले ते लगेच दिसते. शंभर वह्या तपासणाऱ्या शिक्षकाला हे वरदान आहे.

यात एक उणीव आहे, आणि त्यावर काम करणाऱ्या संशोधकांनी ती ओळखलीही. ओळीमागून ओळ लिहिलेले तिसऱ्या पायरीचे उत्तर दिले तरी मॉडेल त्यातून अचूक कोड तयार करते. वीण दिसली की नाही, हे या चाचणीला कळत नाही. मग त्यांनी पूर्ण स्पष्टीकरणाऐवजी फंक्शनचे फक्त नाव मागून पाहिले. नावात ओळी मावत नाहीत. दोन-चार शब्दांत सांगायचे तर हेतूच सांगावा लागतो.

यासाठी मॉडेलचीही गरज नाही, खडू-फळा पुरतो. हा कोड फळ्यावर लिहा आणि फंक्शनला नाव सुचवायला सांगा:

मोठा = ०
फॉर प्रत्येक क्ष यादीमध्ये
    इफ क्ष > मोठा
        मोठा = क्ष
रिटर्न मोठा

वर्ग एकमुखाने म्हणेल, ‘सर्वांत_मोठी_संख्या’. मग यादी द्या: उणे १२, उणे २०, उणे ७. द्रासच्या जानेवारीतली पहाटेची तापमाने आहेत असे समजा. ड्राय रन करा. एकही संख्या शून्याहून मोठी नाही, म्हणून ‘मोठा’ शून्यच राहतो, आणि फंक्शन सांगते, सर्वांत जास्त तापमान शून्य. जे यादीत कुठेच नाही. आता नाव बदलायला सांगा. कोणी ‘धन_संख्यांतली_सर्वांत_मोठी’ म्हणेल. दुसरा म्हणेल, धन संख्या नसेल तर शून्य देते, तेही नावात हवे. नाव लांबत जाते, फळ्याच्या टोकापर्यंत पोहोचते, आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, “सर, नाव कशाला बदलायचं, पहिली ओळच बदलू.” पहिल्या ओळीत शून्याच्या जागी यादीतली पहिली संख्या लिहिली, की आधीचे लहान नाव पुन्हा शोभू लागते. मग एखादी मुलगी विचारते, यादी रिकामी असेल तर पहिली संख्या कुठली? तिच्या प्रश्नासाठी पुढचे प्रकरण आहे.